साहेबांचा 'ठीक'

धनसिंग मडावीला खुर्चीवर पूर्ण टेकून बसलेला कोणी पाहिलेला नाही. बसला तरी कडेला, दाराकडे तोंड करून, घंटी वाजली की उठायला सोपं जावं म्हणून. देवरीजवळच्या सरकारी विश्रामगृहात तो एकतीस वर्षं खानसामा होता. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, घंटी केव्हाच सुटली, पण जित्याची खोड सुटते थोडीच. त्याची बायको दुर्पता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लग्नातही असेच कडेले बसले होते. मले वाटलं, पळून जाऊन राहिले का काय."

असा हा माणूस गेल्या एप्रिलात गोंदियाच्या एका मोठ्या, महागड्या हॉटेलात पाहुणा म्हणून राहायला गेला. त्या हॉटेलचं नाव इंग्रजी होतं आणि ते त्याच्या जिभेवर काही बसेना, म्हणून घरात सगळे त्याला 'मोनालीचं हॉटेल' म्हणत. मोनाली त्याची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर तिनं हॉटेलच्या कामाचा कोर्स केला होता आणि वर्षभरापासून ती तिथं खोल्या लावायचं काम करत होती. वर्ष आता भरत आलं होतं. पुढं पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, हे ठरायचं होतं.

त्या हॉटेलच्या मालकाची एक हौस होती. पक्कं करण्याआधी कामगाराच्या आईबापांपैकी एकाला एक रात्र फुकट ठेवून घ्यायचं. आपलं लेकरू कुठं राबतं ते घरच्यांनी डोळ्यांनी पाहावं, आणि जाताना इतर पाहुण्यांसारखाच सेवेचा फॉर्म भरून द्यावा.

दुर्पतानं साफ नकार दिला. मोहफुलांचे दिवस होते. पहाटे झाडाखाली गेलं नाही तर फुलं गुरांच्या पोटात जातात. "तुमीच जा," ती म्हणाली. "साहेब लोकायच्या घरचं तुमालेच समजते."

ते मात्र धनसिंगला पटलं. पाहुण्यांची सरबराई म्हणजे काय हे आपल्याइतकं या जिल्ह्यात कोणाला कळतं, असं त्याला मनातून वाटायचंच. बोलून दाखवायचा नाही, एवढंच. धुतलेला पांढरा सदरा घातला, पिशवीत एक चादर आणि टॉवेल घेतला, आणि सकाळच्या बसनं निघाला.

हॉटेलच्या दाराशी मिशीवाला दरवान उभा होता. धनसिंगनं सवयीनं त्यालाच आधी वाकून, 'जय सेवा' म्हणत नमस्कार घातला. दरवान गडबडला आणि त्यानं दुपटीनं वाकून काचेचं दार उघडलं. आत थंडगार हवा, चकचकीत फरशी, आणि समोर निळ्या गणवेशात, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली मोनाली.

"वेलकम सर," ती म्हणाली.

धनसिंगनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"मोनाली, मी आहो वो."

"बाबा, ड्युटीवर सरच म्हनावं लागते," ती ओठ न हलवता पुटपुटली आणि तिनं त्याच्या पिशवीला हात घातला.

तो पिशवी सोडेना. लिफ्टमध्ये दोघंही एकेक बंद धरून उभे राहिले. "सोडा ना," ती कुजबुजली. "पाव्हन्याच्या हाती पिशवी दिसली का मले बोलनी बसते." तेव्हा त्यानं सोडली. आपण जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण पोरीच्या खांद्यावर आपली पिशवी त्याला पाहवेना.

तिसऱ्या मजल्यावर तीनशे चार नंबरची खोली. मोनालीनं दार उघडलं, दिवे दाखवले, गरम पाण्याचा नळ दाखवला, आणि दारात थांबून हळूच म्हणाली, "बाबा, उद्या तो फॉर्म ध्यान देऊन भरजा. आमी चौघीजनी आहो अन् जागा दोनच. याच हप्त्यात साहेब यादी करून राहिले."

"काय लिवू सांग ना."

"ते सांगता येत नाही. नियम आहे." आणि मग बाहेर कोणाची तरी चाहूल लागली तशी ती सरळ झाली, "एन्जॉय युवर स्टे, सर," म्हणाली आणि गेली.

धनसिंग खोलीत एकटा उरला. बसावं तर पलंग पांढराशुभ्र, परीटघडीचा. खुर्ची मखमलीची. तो उभाच राहिला. उभ्या उभ्या काय करणार? मग त्यानं आपलं काम सुरू केलं.

दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. नवखी माणसं तिथली धूळ नेहमी विसरतात. बोट कोरं. गुडघ्यावर बसून पलंगाखाली पाहिलं. स्वच्छ. मोरीची जाळी उचलून पाहिली, तिथं केस अडकलेला असतो म्हणजे असतोच. इथं नव्हता. पाण्याचा ग्लास नाकाशी नेला. ओल्या फडक्यानं पुसलेल्या ग्लासाला वास येतो, आणि त्यावरून एक साहेब धनसिंगला कधीकाळी दोन दिवस नुसते घालूनपाडून बोलत होते. हा ग्लास बिनवासाचा होता. शेवटी त्यानं खिडकीचा पडदा सारला आणि उजेडात डोळे चादरीच्या पातळीला आणून तिरपं पाहिलं. एक सुरकुती नाही.

त्यानं पुन्हा एकदा सगळं पाहिलं. पोरीनं कुठं बोट ठेवायला जागा सोडली नव्हती. अभिमानानं त्याची छाती भरून आली, आणि त्याबरोबर त्याची चुळबुळ अधिकच वाढली. चूक सापडली असती तर पटकन नीट करून टाकली असती, निदान हाताला काम मिळालं असतं.

संध्याकाळपर्यंत तो त्या खोलीत निदान दोन कोस चालला असेल. मध्ये चहा आला. ट्रेमध्ये कपभर गरम पाणी, दुधाची पुडी, साखरेची पुडी आणि दोरा बांधलेली चहाची पुडी. त्यानं ते सगळं एकत्र करून एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पाणी होतं, दूध होतं, साखर होती, चहा काही नव्हता. जेवायला खाली गेला तर वाढणारा तीनदा येऊन "कैसा लगा सर?" विचारून गेला, आणि तिन्ही वेळा नेमका धनसिंगच्या तोंडात घास. पाहुण्याला एकदाच विचारावं, तेही तो हात धुऊन दाताला काडी लावत असताना, हे या मंडळींना कोणी शिकवलेलं दिसत नव्हतं. मोनाली असती तर तिला सांगितलं असतं. पण मोनाली जेवणघरात नव्हती, आणि समोर आलीच तर 'सर' म्हणाली असती.

वर आला, आणि तेवढ्यात कुठंतरी घंटी वाजली.

धनसिंगला उठल्याचंही कळलं नाही. गमछा खांद्यावर, तो थेट बाहेरच्या वऱ्हांड्यात. तीनशे पाचचं दार उघडून एक जाडजूड गृहस्थ उभे होते. "भैया, पानी की बोतल नहीं है," ते म्हणाले. "जी साहब," असं धनसिंगच्या तोंडून आपोआप निघालं. आपल्या खोलीतली बाटली घेऊन, पुसून, दोन्ही हातांनी त्यांना नेऊन दिली आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. गृहस्थ खूश. दिवसभरात धनसिंगला बरं वाटलं ते तेवढंच.

झोपायची वेळ झाली तेव्हा त्यानं आपल्या पिशवीतली चादर काढली, पलंग आणि भिंतीच्या मधल्या गालिच्यावर अंथरली आणि तिथंच आडवा झाला.

सकाळी नऊला अंघोळ करून, मोरी आपल्याच टॉवेलानं कोरडी करून, त्यानं टेबलावरचा फॉर्म घेतला. सात प्रश्न होते. स्वागत, खोली, पलंग, स्वच्छता, असे. प्रत्येकापुढं चार चौकोन: उत्तम, चांगले, ठीक, खराब.

आता इथं विश्रामगृहातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर धनसिंगनं जे केलं ते नुसता गाढवपणा वाटेल.

विश्रामगृहात शेऱ्याची एक वही असे. साहेब जाताना त्यात दोन शब्द लिहून सही ठोकत. कोणी लिही 'व्यवस्था ठीक', कोणी 'जेवण ठीक', कोणी नुसतंच 'ठीक'. ज्या दिवशी वहीत 'ठीक' पडे, त्या दिवशी धनसिंगचा जीव भांड्यात पडे. 'ठीक' म्हणजे बदली नाही, बोलणी नाही, चूल पेटती राहिली. एकतीस वर्षांत एकाच साहेबानं 'उत्तम' लिहिलं होतं. गावरान कोंबडा फारच जमला होता आणि साहेबही जरा रंगात होते. महिन्याभरात चौकशी आली: एवढी उत्तम व्यवस्था केली म्हणता, तर ती केली कशातून? कोंबडा स्वतःच्या अंगणातला होता हे पटवून देता देता धनसिंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून 'उत्तम' या शब्दाची त्याला धास्तीच बसली. खानसाम्याचं भलं 'ठीक'मध्ये असतं. तो घरीही दुसरा शब्द वापरत नसे. दुर्पता रोज विचारायची, "कशी झाली भाजी?" तो म्हणायचा, "ठीक." आणि ती उत्तराची वाट न पाहता भांडी आवरायला लागायची.

तर धनसिंगनं पेन घेतलं. लेकीचं भलं व्हावं अशी मनोमन प्रार्थना केली आणि सातही ठिकाणी, कागद फाटेल इतक्या जोरानं, 'ठीक'वर खूण केली.

फॉर्म काउंटरवर देऊन तो बाहेर येऊन उभा राहिला. बस स्टँडपर्यंत ऑटो करून द्यायला मोनाली येणार होती. ती आली, पण तिचा चेहरा पार उतरला होता. ऑटोला हात करायचंही विसरली.

"काय झालं वो?"

"काही नाही. बसा ऑटोत."

"मोनाली."

मग ती बोलली, पण त्याच्याकडे न बघता. "बाबा, चेतना मॅडम मले बोलवून विचारून राहिल्या, तुह्या बापाचं तुह्यासंगं भांडन आहे का? पलंगावर झोपले नाही. टॉवेल घेतला नाही. साबन फोडला नाही. अन् वरतून सातही ठिकानी ठीक. घरच्याच मानसाले पसंत नाही म्हनतात, तं बाकीच्यायचं काय." चेतना मॅडम म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई. "तीन 'ठीक' आले का फाइल मांगं जाते, बाबा. तुमी सात देले. कायले देले तुमी?"

"अवं, ठीकच तं लिवलं! वाईट कुठं लिवलं?"

"ठीक म्हंजे वाईटच असते इथं," मोनाली म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

धनसिंगच्या पायाखालची जमीन सरकली. करायला गेलो काय आणि झालं काय! ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. धनसिंगनं पिशवी मोनालीच्या हातात कोंबली, आणि या खेपेला तिनं ती घेतल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो तरातरा परत आत, थेट मॅनेजरच्या खोलीत गेला. दरवानाला दार उघडायलाही वेळ मिळाला नाही.

मॅनेजरचं नाव इंद्रकुमार. चाळिशीचा, गोरा, बोलायला गोड माणूस. धनसिंगनं 'साहेब, पोरीची काही चूक नाही' इथून सुरुवात केली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, वही, चौकशी, कोंबडा, सगळं.

इंद्रकुमारनं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, बैठिए तो सही."

"नाही साहेब. उभाच बरा."

"देखो काका, फॉर्म दिला म्हणजे दिला. आज आपका बदल दिया, तो कल सबके घरवाले बदलवाने आएँगे. और ठीक का मतलब..." तो जरा थांबला. वाईट वाटू नये असा शब्द शोधत असावा. "ठीक मतलब काम चल गया. कुछ तो कम था."

कुछ तो कम था. धनसिंग त्या टेबलाच्या काचेकडे पाहत राहिला. एकतीस वर्षं साहेबांनी वहीत लिहिलेला एकेक 'ठीक' त्याच्या डोळ्यांपुढून गेला. थंडीच्या दिवसांत पहाटे चारला उठून चुलीवर तापवलेल्या पाण्याला 'ठीक'. मच्छरदाणीची भोकं घरच्या दोऱ्यानं शिवली त्याला 'ठीक'. त्या सगळ्यांत काहीतरी कमी होतं, असंच त्यांना म्हणायचं होतं का? आणि तो इतकी वर्षं प्रसाद मिळाल्यासारखा घरी जाऊन सांगत होता. त्याला आतून फार लागलं. पण ती वेळ स्वतःसाठी रडत बसायची नव्हती.

"साहेब, मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला.

इंद्रकुमारनं फॉर्म उलटा करून पाहिला. खरंच, मागं 'आपले मत' असं छापून चार ओळींची जागा सोडली होती. कोणीच कधी भरत नाही अशी. त्यानं फॉर्म पुढं सरकवला.

धनसिंगनं उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर मोठं, म्हणून चार ओळी पुरल्या नाहीत आणि उरलेलं कागदाच्या कडेनं वर गेलं.

"मी एकतीस वर्ष खानसामा होतो. दाराची वरची पट्टी, पलंगाखाली, मोरीची जाळी, ग्लासाचा वास, सर्व तपासलं. चूक सापडली नाही. पलंगावर झोपलो नाही कारण ती चादर मोडायची हिंमत झाली नाही. मला अशी चादर कधी घालता आली नाही. आमच्याकडे साहेब लोक खूश झाले म्हणजे ठीक लिहीत होते, म्हणून मी ठीक लिहिलं. चूक माझी आहे, मुलीची नाही. चहा मात्र बरोबर नव्हता."

इंद्रकुमारनं ते दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर त्याला हसू आलं. "चाय तो मुझे भी पसंद नहीं," तो म्हणाला. मग त्यानं फॉर्म फायलीत लावून ठेवला. "देखते हैं, काका."

त्या 'देखते हैं'चे चार दिवस धनसिंगनं कसे काढले ते दुर्पतालाच माहीत. सकाळी तिच्याबरोबर मोहफुलं वेचायला जायचा आणि टोपली अर्धी असतानाच परत यायचा. फोन चार्जिंगला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. एका दुपारी त्यानं पेटीच्या तळातून शेऱ्याची एक जुनी वही काढली. विश्रामगृहात रद्दी काढली तेव्हा फेकायला निघालेली, त्यानं मागून घेतलेली. तो पानं उलटत बसला. ठीक. व्यवस्था ठीक. ठीक.

"काय वाचून राहिले?" दुर्पतानं विचारलं.

"काही नाही. यायले काहीतरी कमी वाटत होतं म्हने."

"कोनाले?"

"साहेब लोकायले."

"मंग एकतीस वर्षं काऊन येत होते वापस वापस?" दुर्पता म्हणाली आणि फुलं उन्हात पसरायला निघून गेली. धनसिंगचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, पण वही मात्र त्यानं पुन्हा नीट कापडात बांधून ठेवली.

पाचव्या दिवशी तो जेवायला बसला होता. पुढ्यात भात आणि सुके झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी. पहिला घास उचलला आणि फोन वाजला. उष्ट्या हातानंच त्यानं तो कानाला लावला.

"बाबा, झालं! मी पर्मनंट झाली!"

दुर्पतानं खूण करून विचारलं, त्यानं नुसती मान डोलावली.

"बाबा, तुमचा तो कागद साहेबानं सगळ्यायले वाचून दाखवला. चादरीचं तं चेतना मॅडमनं पुन्हा वाचाले लावलं. आयकून राहिले ना?"

"हो, हो. पत्र देलं का? काय लिवलं आहे? वाच ना."

मोनालीनं इंग्रजीतलं पत्र त्याच्यासाठी अडखळत मराठीत केलं. "लिवलं आहे का, वर्षभरातलं तुमचं काम समाधानकारक दिसलं, म्हनून तुमाले कायम करन्यात येत आहे."

"समाधानकारक म्हंजे?"

पलीकडं मोनाली थांबली. तिनं ते वाक्य बहुतेक पुन्हा मनात वाचलं असावं. "म्हंजे..." ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "म्हंजे ठीक, बाबा."

धनसिंगही हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं त्याच उष्ट्या हातानं पुसलं, त्यामुळं डोळ्यात तिखट गेलं आणि आणखीच पाणी आलं. फोन ठेवून तो पुन्हा ताटाकडे वळला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला जेवणाची चव लागत होती. चार घास खाल्ले, मग आणखी भाजी मागून घेतली.

"कशी झाली भाजी?" दुर्पतानं रोजच्यासारखं विचारलं आणि रोजच्यासारखीच भांडी आवरायला वळली.

"उत्तम झाली," धनसिंग म्हणाला.

दुर्पताच्या हातातली पळी थांबली. ती वळली, त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला.

"काऊन?" ती म्हणाली. "तब्येत ठीक आहे ना तुमची?"